चिकूची रेघ

बोर्डीच्या शाळेत शिकवणाऱ्या रुचिताला एक खोड होती. नवं यंत्र दिसलं की आधी स्वतःवर लावून बघायचं आणि जे दिसेल ते आपल्या फिटनेसच्या ब्लॉगवर लिहून टाकायचं. या महिन्यात तिच्या दंडावर रक्तातली साखर मोजणारी पट्टी होती. दर रविवारी एक पदार्थ रांधायचा, खायचा आणि दोन तास मोबाइलवर साखरेची वर-खाली होणारी रेघ बघत बसायचं. नाचणीची भाकरी झाली, ढोकळा झाला. वाचक मात्र सारखे विचारत, "ताई, चिकू कधी?" ती टाळत होती. घर चिकूच्या वाडीवरच चालत होतं ना!

शेवटी तिच्या वडिलांनी, श्यामकांतांनीच, दोन पिकलेले चिकू कापून तिच्यापुढे ठेवले. "लोक विचारतायत ना? मग मोज."

रेघ सरसर चढली. रुचिता फोन लपवायला गेली, तर त्यांनी तो काढून घेतला आणि चष्मा लावून बराच वेळ निरखला.

"आहे तसंच लिही," ते म्हणाले. मग चाळीस वर्षं रोज चिकू खाणाऱ्या आणि रक्त तपासायचं नाव काढलं की अंगावर येणाऱ्या त्या माणसाने बाही वर सरकवली.

"दुसरी पट्टी आहे का गं?"