काचेआडचं ऊन

मुलीचं कासव मी वर्षभर बंद खिडकीशी ठेवलं आणि त्याला ऊन मिळतंय असं समजत राहिलो. शिकायला नागपूरला जाताना ती बजावून गेली होती, "बाबा, त्याचे दोन्ही दिवे लावत जा." एक उबेचा बल्ब, दुसरी निळसर ट्यूब. ट्यूब गेली, ती मी पुन्हा आणलीच नाही. खिडकीत एवढं कोवळं ऊन येत असताना ट्यूब कशाला? आपल्याकडे तान्ह्या बाळांनाही तेल चोळून त्याच उन्हात ठेवतात. वारा लागू नये म्हणून मी फक्त काच लावून घ्यायचो. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याशेजारी बसायचो. दोघांच्याही पाठी शेकायच्या, आणि आपण किती मायाळू, या विचाराने मला जरा जास्तच ऊब यायची.

काल डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर अंगठा टेकवला आणि पाठ दबली, सादळलेल्या पापडासारखी.

"हाडं घट्ट करणारं ऊन काचेतून आत येत नाही," ते म्हणाले. "ते त्या ट्यूबमधून मिळत होतं. नवी लावा. जगेल का, ते सांगता येत नाही."

ट्यूब लावलीय. तिच्याखाली ते दगडावर डोळे मिटून पडलंय. कोण सुखात आहे ते तोंड पाहून कळतं, अशी माझी समजूत होती. कासवाचं तोंड तर मरतानाही समाधानीच दिसत असणार.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं.

"बाबा, यानंतर काही पाळू नका," ती म्हणाली. "कुंडीसुद्धा नको."