तिसऱ्याला हात न लावणारा रेणू

प्रयोगशाळेत तिला सगळे मिथिलमावशी म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाव शोभायचं तिला. कुठलाही रेणू हाती आला की ही बाई त्याला आपल्या ठरलेल्या जागी मिथिल चिकटवणार म्हणजे चिकटवणार. मिथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, रेणूला लावायचं एवढंसं ठिगळ. पूर्वी त्या ठिगळानं तिला यश दिलं होतं, त्यामुळे कुणी हटकलं तर ती उलट त्यालाच झापायची.

या खेपेला दुखणं घरचं होतं. तिची थोरली बहीण बस चालवायची. ताईच्या अंगाला अशी खाज सुटायची की स्टिअरिंग सोडून खाजवावंसं वाटे. जुन्या गोळ्यांनी खाज थांबायची, पण डोळे मिटायचे. पेंग न आणणाऱ्या गोळ्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. एकदा सिग्नलला उभ्या बसमध्येच डुलकी लागली, तेव्हा ताईनं आपणहून बस चालवणं सोडलं आणि डेपोच्या तिकीट-खिडकीत जाऊन बसली. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, ती तिला बस चालवतच काढायची होती. खिडकीत तिचा जीव रमेना.

खाज उठवणारं हिस्टामिन शरीरात चार प्रकारच्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या कुलपांवर, किल्लीसारखं जाऊन बसतं. मावशीला अडवायचा होता चौथा, खाजेतला. पंचाईत अशी की मेंदूतला तिसरा दिसायला जवळजवळ तसाच, आणि तो अडला की झोप उडते. मावशीचा लाडका रेणू दोघांवरही घट्ट बसला. उंदरांची खाज गेली, झोपही गेली.

"खाज जातेय ना? मग पुढे जाऊ या," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. मावशीलाही मोह झालाच.

तिनं ताईला सांगितलं, तर ताई खो खो हसली. "आधीचं औषध झोपवायचं, आणि तुझं झोपूच देणार नाही! अगं, दिवसा नीट बस चालवायची तर रात्री डोळा लागायला नको?"

मावशीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिनंच साहेबांना सांगितलं, हा रेणू नको. साहेब भडकले. पुढच्या आढाव्यापर्यंत दुसरा मिळाला नाही तर काम बंद, म्हणाले.

मग ती संगणकासमोर बसली. पडद्यावर तिसऱ्या रिसेप्टरची पोकळी होती, आणि त्यात तिचं लाडकं मिथिल पाय पसरून बसलं होतं. इतरांना ते केव्हाच दिसलं होतं, पण मावशीला सांगायची छाती कुणाची?

"हात्तिच्या!" ती म्हणाली, आणि मिथिल शेजारच्या कार्बनवर सरकवलं. तिथे चौथ्यात त्याला जागा होती आणि तिसऱ्यात भिंत आडवी येत होती.

पडद्यावर सरकवणं सोपं, बाटलीत करताना तिचा घाम निघाला. आधी नुसता चिकट पाक हाती आला. शेवटी पांढरी भुकटी मिळाली आणि आढाव्याच्या तोंडावर चाचणीवाली धावत आली.

"मावशी, चौथा पक्का अडला! तिसऱ्याला हातसुद्धा लावला नाही!"

काम वाचलं होतं. मावशीला सगळ्यांसमोर रडू आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही. तशीच तिनं ताईला फोन लावला.

"मग मला कधी मिळणार?" ताईनं विचारलं.

अजून बऱ्याच चाचण्या, मग माणसांवरच्या. मावशीनं खरं ते सांगितलं. "तोवर तू निवृत्त झालेली असशील, ताई."



"मग पुढच्या सीटवर प्रवासी म्हणून बसेन," ताई म्हणाली. "चालवणारी खाजवत नसेल आणि पेंगतही नसेल, तर मी खुशाल डुलकी काढेन."