धुरपताबाईने घासलेला गुंड

केशोरीत लग्न उरकलं की मांडवात गोळा झालेली गावभरची भांडी ज्याची त्याच्या घरी पोचवायची, हे काम धुरपताबाईचं. तिला वाचता येत नव्हतं, पण काठाखाली टोचलेल्या नावावरून बोट फिरवलं की भांडं कोणाचं ते तिला कळे. साध्या वाटीचीही अदलाबदल तिने कधी होऊ दिली नाही.

१९५६ साली ती गोंदियाला लेकाकडे आली आणि एका शाळेत झाडझूड करू लागली. शाळेच्या छोट्या संग्रहालयात, कोकणच्या समुद्रात बुडालेल्या बोटीतून निघालेला पाण्याचा पितळी गुंड होता, पार हिरवा पडलेला. खाली चिठ्ठी होती, ‘मालक अज्ञात’. दिवाळीच्या सफाईत धुरपताबाईने तोही चिंच-राखेने लख्ख घासून काढला.

"अहो बाई, सत्तर वर्षांचा समुद्राचा रंग होता तो!" हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला.

"बाईमाणसाचं भांडं असं हिरवं ठेवतेत का, गुरुजी? अन् हे पाहा, नाव हाये."

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं, ‘ठकूबाई’. राग विसरून ते लगेच नवी चिठ्ठी लिहायला बसले.

धुरपताबाई मात्र तिथेच उभी. "चिठ्ठी कायले लिहून राहिले, गुरुजी? नाव सापडलं ना! आता पोचवून द्या तिचा गुंड."