आखाजीला ठेवून आलेल्या गोळ्या

आमरसाचा वास आला की शिंदखेड्याची ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवते. आई आठवडाभर तिथे माहेरी होती. सणाच्या दिवशी झोक्याजवळच ती छाती धरून खाली बसली. तिला धुळ्याला नेलं. "बीपीची गोळी घेताय ना?" डॉक्टरांनी विचारलं. "घर ठेई उनू," ती मामाकडे बघत म्हणाली, "तुमना जीवले घोर नको." माहेरच्यांना काळजी नको म्हणून ती गोळ्या घरीच ठेवून आली होती, हे ऐकून मामाला रडू आलं. "आम्हीन काय परका शेतस का, अक्का?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते, हृदयावर ताण येतो. आम्हाला विचारून, हळूहळू कमी करायची." आई वाचली नाही. आता फार्मसी शिकताना पुस्तकात हेच वाचतो आणि मला पान उलटवत नाही. आई ती गोळी वर्षानुवर्षं घेत होती. तिला हे आधी कुणीच कसं सांगितलं नाही?