दया, मग एक

रेखाचा फोन आला तेव्हा मी भात गिरणीत वजनकाट्यापाशी उभा होतो. "दादा, आई गेल्या… सकाळची प्रार्थना झाली, चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत…" समोरच्या पोत्याचं वजन मी पुन्हा पुन्हा वाचलं, तरी डोक्यात शिरेना. आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे नवीन होतं.

आई म्हणजे रेखाची सासू, माझी मार्थामावशी. लाखनीजवळच्या खेड्यात तिचं थोडं धानाचं शेत. कापणीच्या बायांची मजुरी ती धानातच द्यायची, पितळी पायलीनं मोजून. आमच्याकडे मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. मावशी ‘दया’ म्हणायची. दया, दोन, तीन… लाभ आपला असतो, दया देवाची, एवढंच तिचं स्पष्टीकरण.

रेखा लग्न होऊन नागपूरहून आली, तेव्हा पहिल्याच हंगामात मावशीनं पायली तिच्या हाती दिली. रेखाला वाटलं, ‘दया’ ही मोजण्याआधीची प्रार्थना. ती पहिलं माप ‘दया’ म्हणून ओतायची आणि दुसऱ्यापासून ‘एक’ सुरू करायची. प्रत्येकीच्या टोपल्यात एक पायली जास्त जात होती. मी मावशीच्या कानाशी लागलो. ती पदर तोंडाला लावून हसली. "बरोबर करून राहिली ते. मीच इतकी वर्षं देवाची दया मजुरीत धरत होती." तेव्हापासून त्या घरात पहिली पायली मोजणीबाहेर गेली.

पुढे एका वर्षी तुडतुड्यानं निम्मं धान खाल्लं. मी हिशेब करून सांगितलं, यंदा दयेपासूनच मोज, नाहीतर उन्हाळ्यात घरचं धान संपेल.

"तुडतुडा धानाले लागला रे, देवाले नाही लागला."

"अन् खाशील काय?"

"तू आहेस नं हिशेबाले. सांगजो." टोपले घेऊन बसलेल्या बाया हसल्या.

हिशेब चुकला नाही. उन्हाळ्यात धान संपलंच. चमत्कार वगैरे काही झाला नाही. एक वेळ पेजेवर निघू लागली. मी तांदळाचं पोतं घेऊन गेलो, तर मावशी पेजेच्या वाटीपुढे डोळे मिटून नेहमीसारखीच लांबलचक प्रार्थना करत होती. तिच्या आमेनची वाट पाहता पाहता जेवण निवतं, ही घरातली जुनी तक्रार. मी म्हटलं, "एवढ्याशा पेजेचे एवढे आभार कायले?"

डोळे न उघडता म्हणाली, "पेजेवर अजून आलीच नाही मी. बस गुमान."

देवाची प्रीती टिकते, हे भरल्या कणगीपाशी मानणं सोपं असतं. रिकाम्या कणगीपाशीही मावशीच्या प्रार्थनेत मला एक शब्द कमी सापडला नाही, आणि कमी काय पडलं ते शोधणं हा तर माझा धंदाच आहे.

परवा, ती गेल्यानंतरची पहिली कापणी संपली. पीक यंदाही बेताचंच. बाया टोपले घेऊन बसल्या होत्या. रेखानं पायली माझ्याकडे दिली. "दादा, तुम्ही मोजा. मला नाही जमायचं." पहिली बाई पायलीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती. हा हिशेबाचा माणूस, हे तिला ठाऊक होतं. पायलीच्या काठावर मावशीच्या अंगठ्याखाली पितळ झिजून गुळगुळीत झालं आहे. माझा अंगठा तिथंच बसला. पहिली भरली, ओतली. "दया," म्हणालो.

पुढची भरली, काठावर आलेली शीग न पाडता ओतली.

"एक."