परबाच्या भुवया

दुपारी जेवून गुणाजी मेस्त्री दुकानातच, दुरुस्तीला आलेल्या बाजाच्या पेटीशेजारी आडवा होतो. कानामागचं यंत्र काढून खिशात टाकतो. यंत्र निघालं की जग मिटतं आणि त्याला बरं वाटतं. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डोक्यात तार घालून त्याला ऐकतं केलं. समोर एकच माणूस असला तर बोलणं कळतं. चौघं जमले की सगळ्यांचं एकाच पातेल्यात शिजतं. आणि सूर? ओल्या पत्र्यावर कुणी नखं ओढावीत तसा. शिसारी येते. तरी गावातला जो तो तोंडाशी येऊन ओरडतो, "आता कसा, झकास मा?" तोही म्हणतो, "झकास."

"निजलंस काय रे?"

समोर दाजी पेडणेकर बसलेले आहेत. गुणाजीला पेटी लावायला शिकवणारे दाजी. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. गालात पान तेच. यंत्र खिशात, तरी आवाज स्वच्छ.

"दाजी, तुमचो आवाज तुमच्यासारखोच येता!"

"मग कोणासारखो येतलो? बायकोचो कसो येता?"

"डब्यात अडकलेल्या कावळ्यासारखो."

"तिका सांगितलंस?"

"जेवाण बंद होतलां."

दाजी हसतात, आणि दोघं भजनस्पर्धेच्या मांडवात आहेत. खुर्च्या भरलेल्या, पण चेहऱ्यांवर भुवयांशिवाय काही नाही. पुढ्यात तीच पेटी, परबबुवाच्या मंडळाची. दाजी काळी चारची पट्टी दाबतात आणि तोंड वाकडं करतात.

"ही तू लावलंस? कानान?"

गुणाजी पायाच्या अंगठ्याकडे बघतो. "परबाच्या भुवयेन. तो समोर बसललो. आतली पितळेची पत्ती घासायची, सूर धरायचो. भुवई वर गेली तर चुकला, खाली इली तर जमला. चाळीस वर्सां गिऱ्हाइकां बघतंय दाजी, माणसाचा तोंड माका चुकणा नाय."

"आणि परब खंय बघत होतो?"

"माज्याकडे."

"तुज्या तोंडाकडे! तू मान डोलवलंस, की तो भुवई खाली घेई. म्हातारो ऑपरेशन करून इलोहा, दुखवूचो कसो!"

मांडवातल्या सगळ्या भुवया एकदम खाली येतात. समजूतदारपणे. आज संध्याकाळी जिल्ह्याची स्पर्धा, आणि सगळं मंडळ ह्या पेटीवर गाणार.

"चाव," दाजी म्हणतात.

"काय?"

"लाकूड चाव. कान मेले, दात आसत मा? मी दाबतंय."

तो चावतो. एकाच सुराच्या दोन पत्त्या त्याच्या दातांत थडथडतात, दोन सवतींसारख्या एकमेकींना ढकलत. जुळलेल्या पत्त्या अशा थडथडत नाहीत. हे शेंबडं पोरही सांगेल.

दाजी पानाची पिंक टाकतात, आणि गुणाजी जागा होतो. तोंडात कडू, चिकट चव. दारात परब उभा, ओठ हलताहेत. गुणाजी यंत्र लावतो.

"...नेऊक इलंय, मेस्त्री. काय सूर लागलोहा, वा!"

"नेऊ नको. चुकलीहा. माका सूर कळणत नाय, परबा. आठ म्हयने झाले."

परब चपलेनं जमीन उकरतो. "माका म्हायत होतां. सावंताची पेटी मागून ठेवलंय. ही नुसती वांगडा, दाखवूक नेणार होतंय. तुमका बरा वाटाचा म्हणान."

गुणाजीला बायकोच्या आवाजाची आली नव्हती एवढी किळस ह्या माणुसकीची येते.

"पत्त्यो काढून ठेव हयसर," तो म्हणतो. "कुडाळच्या कारागिराक बोलव."

परब पेटीवर वाकतो, आणि थबकतो. पेटीच्या झाकणाची कड पुसून बोट नाकाशी नेतो. "ह्या काय? उंदरान खाल्लान?"

नव्या पॉलिशवर चार खोल, ओले दात उमटलेत.

"मी," गुणाजी म्हणतो.