चाकावरचं नाव

सकाळी दात घासत बहिणीच्या दारात आलो, तर माझी गाडी विटांवर बसलेली. चारही चाकं गायब. आम्ही लातूरहून नांदेडला पाहुणे म्हणून आलो होतो आणि पाहुणचार असा झाला.

अजून तो देखावा आठवला की शिसारी येते. चोरानं चाकं नेली ते एक झालं, पण गाडी किती अलगद, किती सरळ टेकवली होती! जशी त्याच्याच घरची. गल्ली जमली. कुणी फोटो काढले. कुणी म्हणालं, आमच्या गल्लीत असं कधी झालं नाही, म्हणजे दोष माझ्याच गाडीचा. समोर घर बांधणारा शेजारी सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "सर, त्या विटा आमच्या हायती. गाडी हलली की आनून टाका." मला त्या क्षणी चोरापेक्षा त्या माणसाचा जास्त संताप आला.

गाडी घेतली होती मायच्या गुडघ्यांसाठी. एस्टीची पहिली पायरी तिला चढवत नव्हती. दोघांना मागून लोटावं लागे आणि ती लाजेनं अर्धी होई. गाडी आल्यापासून ती पुढच्या सीटवर पदर सावरून बसायची आणि लेकीकडे जायची. वाटेत चहाला थांबलो तर टपरीवाल्यालाही सांगायची, "माझा लेक आनतो मला." आता तीच माय ओट्यावर बसून विचारत होती, "मी कशी जाऊ रे घरला?"

तक्रार दिली. मग दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, मला जुन्या सामानाच्या एका दुकानात नेलं. तिथं अगदी माझ्या गाडीला बसतील अशी चार चाकं टायरसकट, धूळ पुसून भिंतीला टेकवलेली. अर्ध्या किमतीत. "पार्टीनं गाडी विकली सर, चाकं तेवढी राहिली," दुकानदार म्हणाला. चाकं ठेवून गाडी कोण विकतं? प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. पावती मी मागितली नाही आणि त्यानं दिली नाही. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "असल्या ठिकानी लई इचारायचं नसतंय." मी आधीच शिकलो होतो.

लातूरला आलो आणि मला राखणीचं वेड लागलं. प्रत्येक चाकाला एक लॉक नट बसवला. तो खोलायला वेगळाच पाना लागतो. तो पाना मी उशाशी घेऊन झोपू लागलो. गाडी भिंतीला इतकी चिकटवून लावायचो की मलाच दुसऱ्या दारानं उतरावं लागे. चाकातून म्हशीची साखळी ओवली. फाटकावर कॅमेरा लावला. आणि कॉलनीत कुणी भेटलं की माझं सुरू: माणसं किती हलकट झालीत, दुसऱ्याच्या घामाच्या वस्तूला हात लावताना यांचे हात झडत कसे नाहीत! लोक मला बघून रस्ता बदलू लागले.

एका दुपारी साखळी बघून माय हसली. "म्हशीवानी काय बांधलास तिला? भांड्यावर घालतो तसं चाकावर नाव घाल की. नाव असलं की वस्तू घरला येती."

मायचं सगळं वाचन भांड्यांवरचं. ती शाळेत गेली नाही. पण गल्लीत लग्नाच्या पंगती उठल्या की घरोघरच्या ताट-वाट्यांची सरमिसळ व्हायची, आणि त्यातून आपली भांडी वेगळी काढता काढता ती अक्षरं शिकली. दुसऱ्याची वाटी घरात आली तर तिनं ती कधी मुक्कामाला ठेवली नाही. परत देतानाही रिकामी दिली नाही, चिमूटभर का होईना साखर घालूनच.

मला कल्पना पटली. तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि भांड्यांच्या दुकानाबाहेर मशीन घेऊन बसणाऱ्या नाव घालणाऱ्याकडे गेलो. शेजारीच पंक्चरवाला होता. त्यानं पहिलं चाक काढून दिलं. "बाहेरून नको, शोभा जाईल. आतल्या बाजूनं घाला," मी म्हणालो. नाव घालणाऱ्यानं आतला वाळलेला चिखल फडक्यानं पुसला आणि तो थांबला.

"सर, हितं नाव हाय की."

माय स्टुलावरून उठली, वाकली आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली. आधी एका माणसाचं पूर्ण नाव. मग 'मुखेड'. मग एकेक अक्षर जोडत, 'यांच्याकडून सप्रेम भेट'.

मुखेडच्या त्या माणसाला आमच्यासारखीच अक्कल सुचली होती. आणि तिथल्या नाव घालणाऱ्याचा हात सवयीनं पुढे गेला होता. उभा जन्म आहेराच्या भांड्यांवर चाललेला हात, समोर चाक आहे म्हणून थांबतो थोडाच!

"हे कोन रे आपले?" मायनं विचारलं. "कवा दिली त्यांनी भेट?"

पंक्चरवाला तोंड फिरवून हसला. माय माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिनं बोट पदराला पुसलं. नाव घालणारा हळूच म्हणाला, "घासून काढतो की. मागमूस राहायचा न्हाई. त्यावर तुमचं घालू." मी नको म्हणालो. पण ते माय तिथं होती म्हणून. ती नसती तर मी काय म्हणालो असतो ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्याचीच मला आजही किळस येते.

माय ऑटो करून घरी गेली. "मी बसत न्हाई बाबा दुसऱ्याच्या चाकावर," एवढंच म्हणाली. आणि संध्याकाळी, "मुखेड काय लांब हाय? नाव सांगितलं की घर दाखवतील." मी म्हणालो, बघू. परीक्षा चालू आहेत, पेपर तपासायचेत. शिवाय मीच लुटला गेलेला माणूस, माझी चाकं कोण आणून देतंय? कारणांना काय तोटा! साखळी मी रोज लावत होतो. कॉलनीतली भाषणं तेवढी बंद झाली.

मग नांदेडला भाचीचं डोहाळजेवण आलं. माय एस्टीनं निघाली. हातापाया पडलो, ऐकलं नाही. बसस्टँडवर मीच तिला मागून लोटलं. तिनं दांडा धरला, गुडघा थरथरला, वरून कंडक्टर ओरडला, "आजी, उरका!" बस सुटली आणि मी पुढची सीट रिकामी ठेवून तिच्या धुरात मागं मागं गाडी हाकत राहिलो. ओव्हरटेक करायची लाज वाटत होती. नांदेडात शिरल्यावर बस स्टँडकडे वळली आणि मी बहिणीच्या गल्लीकडे.

दारात गाडी लावली आणि सवयीनं साखळी ओवायला उकिडवा बसलो. मागं ऑटो थांबला. माय उतरली आणि तिथंच उभी राहिली.

"कुनाचं राखायलास रे?"

मी साखळी ओढून काढली आणि डिकीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन गाडीजवळ आली. पिशवीत साखरेची पुडी होती. "मुखेडला निघालास तर बसते," म्हणाली.

"आणि चाकं दिल्यावर परत कसं यायचं?"

"मी आले तसं. एस्टीनं."

"आणि गाडी?"

मायनं समोर बोट दाखवलं. शेजाऱ्याचं बांधकाम अजून चालूच होतं, विटांचा ढीग तिथंच होता.

मी रस्ता ओलांडला आणि विटा मागितल्या. शेजारी नाही म्हणाला नाही. आत गेला, कोळशाचा तुकडा घेऊन आला आणि डिकीत ठेवण्याआधी त्यानं एकेका विटेवर, माझ्यासमोर, सावकाश आपलं नाव घातलं.